कापसाच्या गावातलं तीन मिनिटांचं गाणं

1982 साली ‘डिस्को डान्सर’ आला, तेव्हा अकोल्यातल्या पोट्ट्यांनी मिथुनची कंबर पाहिली, बप्पी लाहिरींच्या चालींवर पाय हलवले आणि पानठेल्यासमोर उभं राहून तीच गाणी महिनोन्महिने ऐकली. त्या चित्रपटात कृष्णाला पुन्हा खाली बोलावणारं एक गाणं आहे. ते कोणी गायलं, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. किशोरकुमार नाही एवढं कळत होतं. पुढं ‘बप्पीदाच असतील’ असं म्हणून विषय मिटायचा.

तो आवाज नंदू भेंडे यांचा होता. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. मराठी रंगभूमीच्या घरात वाढलेला आणि इंग्रजी रॉक गाणारा. ‘डिस्को डान्सर’च्या आधी दहाएक वर्षं ते मुंबईत वेल्व्हेट फॉग नावाच्या बँडचे गायक होते. पुढं सॅव्हेजेस, ॲटॉमिक फॉरेस्ट. ॲलिक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ते ज्यूडास झाले. 1978 मध्ये पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीनं ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, पुलंचं रूपांतर आणि जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. त्यातला अंकुश त्यांनी रंगवला. नाट्यपद, लावणी आणि रॉक एकाच रंगमंचावर नांदवायचे, तर असा माणूस लागणारच होता. 2014 मध्ये ते गेले.

म्हणजे एका अल्पायुषी मुंबईकर बँडचा गळा अकोल्यापर्यंत पोचला होता, फक्त नाव वाटेत गळून पडलं होतं. याला वारसा म्हणायचं का? मला हा प्रश्न बरेच दिवस छळतो आहे. लवकर संपलेल्या बँडविषयी बोलताना आपण त्यांच्या संपण्याचंच कौतुक करत बसतो, आणि त्यातून काय उरलं हे तपासायचं राहून जातं.

वेल्व्हेट फॉगचं उरलंसुरलं कुठं सापडतं ते पाहा. 1970च्या आसपास सिमला बीट काँटेस्ट नावाची स्पर्धा होत असे. सिमला ही इम्पीरियल टोबॅको कंपनीची सिगारेट. कॉलेजातल्या पोरांनी ती ओढावी म्हणून कंपनीनं देशभरच्या बीट ग्रुपना मंचावर आणलं आणि 1970 व 1971 अशा दोन वर्षांच्या लाँगप्ले रेकॉर्डी काढल्या. त्यांत शिलाँगचे फेन्टोन्स आहेत, मद्रासचे कन्फ्यूजन्स आहेत, मुंबईचे वेल्व्हेट फॉग आहेत. काही गाणी स्वतःची, काही इंग्रज-अमेरिकनांची उचललेली. यातले बहुतेक बँड कॉलेज संपेपर्यंतच टिकले. कोणी बँकेत लागला, कोणी वडिलांच्या दुकानात बसला. त्या दोन रेकॉर्डी नसत्या तर यांतले निम्मे बँड होते हे सिद्ध करायलाही काही उरलं नसतं. पुढं परदेशातल्या शौकिनांनी त्या हुडकून पुन्हा छापल्या.

‘अस्सल कला काळाच्या ओघात आपोआप टिकते’ असं ज्यांना वाटतं त्यांनी यावर थोडा विचार करावा. हे संगीत टिकलं ते विडी-सिगारेटीच्या जाहिरातखात्यामुळे. त्या काळी परदेशी गिटार आणायची तर आयातकराच्या नावानं रडावं लागे. पोरं कलकत्त्याच्या गिबटोनवर भागवत, अँप्लिफायर ओळखीच्या रेडिओ मेकॅनिककडून जोडून घेत. रेकॉर्ड कंपन्यांना यात धंदा दिसत नव्हता. अशा वेळी एका तंबाखूवाल्याला तरुण गिऱ्हाईक हवं होतं, इतकाच तो योगायोग. ॲटॉमिक फॉरेस्टचंही तसंच. त्यांची ‘ऑब्सेशन 77’ ही एकुलती एक रेकॉर्ड निघाली तोवर बँड जवळपास विखुरला होता. 2011 मध्ये लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन कंपनीनं ती पुन्हा बाजारात आणली, तेव्हा कुठं भारतातल्या नव्या पोरांना हे नाव कळलं. आपल्या माळ्यावरची वस्तू परक्यानं झटकून दाखवली.

म्हणून वारसा म्हणजे जतन, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण जपलेली प्रत्येक गोष्ट वारसा असते का? संग्राहकाच्या कपाटातली रेकॉर्ड ही पुष्कळदा पोस्टाच्या जुन्या तिकिटासारखी असते. दुर्मीळ आहे म्हणून मोलाची. ती कोणी गुणगुणत नाही. वेल्व्हेट फॉगची रेकॉर्ड जर्मनीत वाजली असेल. मुंबईच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या पोरानं ती ऐकून ‘हे मला वाजवायचं आहे’ म्हणून गिटार उचलली, असं एक उदाहरण मला कोणी दाखवलं तर मी माझं म्हणणं मागं घेईन.

माझं म्हणणं असं, की गाणं दुसऱ्याच्या तोंडात गेलं तरच त्याचा वारसा झाला. तोवर तो नुसता पुरावा.

हे सांगायला मला मेम्फिसला जावं लागेल. अकोल्याहून मेम्फिस दिसतं तितकं लांब नाही. दोन्ही कापसाची गावं. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेचा कापूस बंदरात अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना एकदम वऱ्हाडची आठवण झाली. भाव असे चढले की खामगाव-अमरावतीच्या बाजारांचं नाव साहेबाच्या तोंडी बसलं. रेल्वे वऱ्हाड ओलांडून 1867 मध्ये नागपूरला पोचली ती काही आपल्याला पंढरपूरला न्यायला नव्हे. मिसिसिपीकाठच्या मेम्फिसचं दुःख आणि मोर्णाकाठच्या अकोल्याची चलती ही एकाच तराजूची दोन पारडी होती. आमच्याकडच्या जिनिंगच्या जुन्या भिंती पाहिल्या की मला हटकून हे आठवतं.

त्या मेम्फिसमध्ये 1971 च्या सुमारास चार पोरांनी बिग स्टार नावाचा बँड काढला. ॲलेक्स चिल्टन, क्रिस बेल, अँडी हमेल, जोडी स्टीफन्स. स्टुडिओजवळच्या एका किराणा दुकानसाखळीचं नाव त्यांनी बँडला दिलं. आपल्याकडं कोणी बँडचं नाव ‘सहकारी ग्राहक भांडार’ ठेवावं, तसं. चिल्टन सोळाव्या वर्षीच बॉक्स टॉप्सचा गायक म्हणून 1967 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकाचं गाणं देऊन बसला होता. बिग स्टारचं संगीत ज्या जातीचं, तिला पॉवर पॉप म्हणतात. हा शब्द ‘द हू’च्या पीट टाउनशेंडनं 1967 मध्ये वापरला. गोड, तोंडात बसणारी चाल, दोन-तीन आवाजांचा मेळ, त्याखाली करकरीत गिटार, आणि तीन-साडेतीन मिनिटांत खेळ आटोपलेला. बीटल्सकडून घेतलेली गोडी आणि रॉककडून घेतलेला तोरा.

1972 मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड आली. नावच ‘नंबर वन रेकॉर्ड’. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं आणि दुकानात मात्र ती मिळेना. वितरण स्टॅक्स या कंपनीकडे होतं, तिचं घोडं मोठ्या कोलंबिया कंपनीच्या व्यवहारात अडलं. माल गोदामात, गिऱ्हाईक दारात, मधली साखळी तुटलेली. (त्याच वर्षी आपल्याकडे कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. गंजीवर पडून राहिलेला माल म्हणजे काय, हे वऱ्हाडी शेतकऱ्याला रेकॉर्ड कंपनीनं समजावून सांगायची गरज नाही.) बेल त्या वर्षअखेरीस बाहेर पडला. 1974 मध्ये ‘रेडिओ सिटी’ आली, तिचीही तीच गत. तिसरी रेकॉर्ड 1974 मध्ये तयार होऊन 1978 पर्यंत पडून राहिली. मधल्या काळात स्टॅक्सचंच दिवाळं निघालं. 27 डिसेंबर 1978 ला बेल मोटार अपघातात गेला, वय 27. चिल्टन पुढं काही काळ न्यू ऑर्लिन्समध्ये हॉटेलात बशा विसळत होता.

इथपर्यंत ही अपयशाची साधी गोष्ट आहे. खरी गंमत पुढच्या वीस वर्षांत झाली. आर.ई.एम.सारख्या बँडनं त्यांचं ऋण उघडपणे मान्य केलं. रिप्लेसमेंट्सनं 1987 मध्ये चिल्टनच्याच नावाचं गाणं काढलं. 1993 मध्ये मिसूरीतल्या एका विद्यापीठात चिल्टन आणि स्टीफन्स पुन्हा उभे राहिले, तर उरलेल्या दोन जागी पोझीज नावाच्या तरुण बँडची पोरं होती. त्या पोरांना ती गाणी कोणी शिकवावी लागली नाहीत. 1998 मध्ये पहिल्या रेकॉर्डीतलं एक गाणं बदललेल्या रूपात अमेरिकेतल्या एका लोकप्रिय दूरदर्शन मालिकेच्या सुरुवातीला वाजू लागलं. ज्यांनी बिग स्टारचं नाव ऐकलं नव्हतं, तेही ते गाऊ लागले. आमच्या पानठेल्यावरच्या नंदू भेंड्यांसारखंच, फक्त एक फरक. नंदू भेंड्यांचा गळा आला, पण गाणं बप्पीदांचं होतं. बिग स्टारचं नाव गळलं, तरी गाणं बिग स्टारचंच राहिलं.

या फरकावर माझा सगळा भर आहे.

आयुष्य थोडं होतं म्हणून ही मंडळी थोर ठरली, असं म्हणणाऱ्यांची मला चीड येते. आपल्याकडे हा रोग जुना. अकोल्याहून मुंबईची गाडी धरली की भुसावळ सोडल्यावर भादली स्टेशन लागतं. 5 मे 1918 ला तिथं रुळांवर बालकवी गेले, वय 27. क्रिस बेलएवढंच. गाडीत शेजारी कोणी मास्तर असेल तर तो खिडकीतून बोट दाखवून हळहळतोच. हळहळ खरी आहे. पण ‘औदुंबर’ आणि ‘फुलराणी’ टिकल्या त्या रुळांमुळे नव्हे. पोरांच्या जिभेवर त्या कविता घोळतात, शाळेतून सुटल्यावरही सुटत नाहीत, म्हणून. त्याच काळात तितक्याच कमी वयात गेलेले किती कवी असतील, ज्यांची हळहळसुद्धा उरली नाही. अकाली जाणं ही कमाई नाही. बिग स्टारची पोरं कंपनीनं माल वेळेवर दुकानात टाकला असता तर आणखी पाच रेकॉर्डी करून सुखानं म्हातारी झाली असती, त्यातल्या दोन टाकाऊ निघाल्या असत्या, तरी पहिल्या दोन होत्या तशाच राहिल्या असत्या.

मग आमच्या गावाचं काय?

सत्तर-ऐंशीच्या दशकात अकोला, अमरावती, खामगाव, सगळीकडे ऑर्केस्ट्रे होते. गणपतीत, शारदोत्सवात, लग्नाच्या आदल्या रात्री त्यांना सुपारी मिळे. एक व्हॉइस ऑफ मुकेश, एक व्हॉइस ऑफ रफी, दोन्ही आवाजात गाणारा एखादा चमत्कारिक गृहस्थ, बेंजो, बोंगो-काँगो, पुढं कॅसिओ आणि ऑक्टोपॅड. निवेदक विनोद सांगे, ते विनोद गावोगाव तेच असत. आयुष्य पाच-सात वर्षांचं. गायकाचं लग्न झालं की एक फूट, निवेदकाची बदली झाली की दुसरी. यांतल्या एकात ॲकॉर्डियन आणि नंतर कॅसिओ वाजवणारे एक काका मला माहीत आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी दोन हँडबिलं आणि एक फोटो काढून ठेवला. कॅसेट एकही नाही.

मी विचारलं, “काका, रेकॉर्डिंग कसं नाही केलं कधी?”

“कायचं करतं बापू?” ते म्हणाले. “रफीसाहेबाचं गाणं रफीसाहेबाच्या रेकॉर्डीत हायेच ना. आमचं ऐकून कोनाले काय करायचं हाय? आमचं एक तरी गानं होतं काय? सारे लोकायचेच.”

मी बचावाला धावलो. म्हटलं, तुमच्यामुळे गावाला कान मिळाले, तुमचं ऐकून किती पोरं वाजवायला शिकली. ते हसले. आपलं म्हणणं किती ढिलं आहे ते मला तिथंच कळलं. कान तयार करणं ही शिक्षकाची कमाई आहे, मोठी कमाई आहे. पण काकांचा मुद्दा त्याहून पक्का होता. आपल्या गावाला वाजवणारे मिळाले, गाणारे मिळाले. कोणी बसून आपलं स्वतःचं तीन मिनिटांचं गाणं केलं नाही. मुंबईच्या बीट ग्रुपांचं तरी वेगळं काय? इंग्रजी उच्चार घोटून पाठ केलेले, केस वाढवलेले, आणि गाणं बहुतेक वेळा लोकांचंच. त्यांना रेकॉर्ड मिळाली, आमच्या ऑर्केस्ट्रांना मिळाली नाही, एवढा भाग्याचा फरक. मुळाशी उणीव एकच.

कोणी म्हणेल, तीन मिनिटांचं पॉप गाणं हे आपलं कामच नव्हे, ते साहेबाचं. हे ऐकलं की मला मेहकर आठवतं. बुलढाणा जिल्ह्यातलं मेहकर, आमच्याच वऱ्हाडातलं. तिथं ना. घ. देशपांडे वकिली करत आणि कविता लिहीत. त्यांची ‘शीळ’ ही कविता गोविंदराव जोशींनी, म्हणजे जी. एन. जोशींनी, 1930च्या दशकात एचएमव्हीसाठी गायली. मराठी भावगीताचा जमाखर्च ज्या मोजक्या रेकॉर्डींपासून सुरू होतो, त्यांत ही एक. 78 फेऱ्यांच्या त्या काळ्या तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपासच गाणं मावायचं. ख्यालाचा विस्तार तिथं चालेना, नाट्यपदाच्या ताना कापाव्या लागत. जोशींनी आणि त्यांच्या पिढीनं या अडचणीतून एक नवी जात घडवली. एक भाव, एक मुखडा, दोन-तीन अंतरे, खेळ खलास. बीटल्स जन्मायच्या आधी. त्यात करकरीत गिटार नव्हती एवढंच. बाकी, चाल डोक्यात रुतून बसावी आणि गाणं संपायच्या आत पुन्हा लावावंसं वाटावं, हे पॉपचं काम मराठी माणसानं ग्रामोफोनच्या पहिल्या पिढीतच उरकलं होतं, आणि त्याचे शब्द वऱ्हाडातून आले होते. मेहकरच्या वकिलाला आपण असं काही करतो आहोत हे कळलं असतं तर ते गालातल्या गालात हसले असते. त्यांचा ‘शीळ’ हा संग्रह 1954 मध्ये निघाला, म्हणजे गाणं कागदाच्या बरंच आधी लोकांच्या तोंडात गेलं होतं.

ना. घ. 1909 चे. त्याच वर्षी अमरावतीजवळ यावलीला तुकडोजी महाराज जन्मले. महाराज 1968 मध्ये गेले, आणि आजही अकोल्याच्या कुठल्याही खेड्यात संध्याकाळी खंजिरी वाजली की भजन बहुधा त्यांचंच असतं. ज्या पोरांनी त्यांना पाहिलेलं नाही, त्यांची रेकॉर्ड ऐकलेली नाही, ती पोरं म्हणतात. हा माझ्या मते आमच्या भागातला सर्वांत मोठा ‘बँडचा वारसा’ आहे, आणि त्याला कोणी वारसा म्हणत नाही, कारण तो अजून चालू आहे. खंजिरी स्वस्त, चाल सोपी, शब्द रोजच्या बोलीजवळचे, ध्रुपद असं की पहिल्यांदा ऐकणाराही दुसऱ्या वेळी साथ धरू शकतो. काही रसिकांना हे फार भाबडं वाटतं. वाटू दे. दुसऱ्याच्या तोंडात जायचं तर गाण्याला दार लागतं, आणि ते दार महाराजांनी मुद्दाम रुंद ठेवलं. बिग स्टारची गाणीही याच अर्थानं उघडी आहेत. चार सूर येणाऱ्या पोराला ती वाजवता येतात, आणि वाजवता वाजवता आपणही असं एक करावं असा मोह होतो. अवघड संगीताला मानमरातब मिळतो, शिष्यही मिळतात. पण रस्त्यावरच्या पोराला गाणं रचायची हिंमत सोपं गाणंच देतं.

सिमला बीटच्या रेकॉर्डींवर मला राग नाही. उलट त्यांतल्या स्वतःच्या रचना ऐकताना वाटतं, ही पोरं आणखी दोन वर्षं टिकली असती, इंग्रजीची वेठ सोडून घरच्या भाषेकडे वळली असती, तर? नंदू भेंडे वळले. ‘तीन पैशाचा तमाशा’तला अंकुश ही त्या वळणाची खूण. पण ते नाटकाच्या हाताला धरून वळले, बँडसह नाही. मराठी रॉक बँड ही गोष्ट पुढं पुण्या-मुंबईत पुन्हा पुन्हा सुरू करावी लागली, दर वेळी जणू आधी कोणी नव्हतंच. मागच्याचं गाणं तोंडात असतं तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नसती. परंपरा नसलेल्या जागी प्रत्येकाला पहिला व्हावं लागतं, आणि पहिल्याची दमछाक होते.

काकांकडून निघताना मी सहज म्हटलं, “एकही गाणं आपलं नाही म्हणता, पण पडदा उघडायच्या आधी ऑर्केस्ट्रा काहीतरी वाजवायचा ना? ती धून कोणाची?”

ते थांबले. “ते तं मीच बसवली होती,” म्हणाले. “दर वेळी तेच वाजे. त्याचं नाव नाही काही.” मग कॅसिओवरचं प्लास्टिक काढलं, पट्टी लावून पाहिली आणि वाजवू लागले. उड्या मारत जाणारी, थोडी मार्चसारखी चाल होती, मध्येच एक वळण असं की मी मान हलवली. पहिला भाग झाला, दुसऱ्या भागाशी येऊन त्यांची बोटं अडली. परत सुरुवातीपासून घेतलं, परत तिथंच अडली.

“थांब,” म्हणाले, “त्या बेंजोवाल्याले फोन लावतो. त्याले याद असन.”